गिटारीतील खरखर : तिची कुळे आणि तिचा बंदोबस्त

शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी-तबल्याच्या शेजारी विजेवर वाजणारी गिटार दिसू लागली, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. आमच्या गोव्यात तर गिटार हे घरोघरच्या परिचयाचे वाद्य. लग्नसमारंभ असो, फेस्त असो वा तियात्राचा प्रयोग असो, तिच्यावाचून रंग भरत नाही. परंतु लाकडी गिटार आणि विजेवरची गिटार ह्यांत एक मोठा भेद आहे. लाकडी गिटार बिघडली तर बेसूर होते. विजेवरची बिघडली म्हणजे कोणी वाजवीत नसतानाही आपण होऊन बोलू लागते. ती गुणगुणते, भणभणते, खरखरते, तडतडते. मग मुले घाबरून विचारतात, "सर, पिकअप गेला काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा "नाही" असेच असते. पिकअप म्हणजे तारेचे कंपन टिपणारा गिटारीचा कान. हा कान सहसा बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या भोवतालचे काहीतरी. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने खरखर थांबावी म्हणून मुलाच्या गिटारीस नवा पिकअप बसवून घेतला. पैसे खर्च झाले, खरखर मात्र होती तशीच राहिली. पुढे दोष सापडला तो जॅकच्या सैल झालेल्या चकतीत! पाना घेऊन ती दोन वेढे आवळली असती तर काम भागले असते.

आम्ही भाषेचे शिक्षक; विज्ञान हा आमचा विषय नव्हे. तथापि ह्या कामी भाषेचाच प्रथम उपयोग होतो, असे आमच्या ध्यानात आले आहे. "फार आवाज येतो" एवढेच सांगितले तर कोणताही कारागीर दोष ओळखू शकणार नाही. उलट "तारांना हात लावला की भणभण थांबते" असे सांगितले तर निम्मी दुरुस्ती तेथेच झाली म्हणून समजावे. आवाजाचे नेमके नाव काय, तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे पाहिल्यावाचून पेचकस हाती घेऊ नये, हेच ह्या लेखाचे सार होय.

पिकअप कसा ऐकतो?

इ. स. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचा शोध लावला. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकत्व बदलत राहिले तर त्या तारेत वीज उत्पन्न होते, असे त्याने दाखवून दिले. ह्या क्रियेस विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. आपल्या घरी येणारी वीज बहुतांशी ह्याच तत्त्वावर निर्माण होते. आणि गिटारीचा पिकअपही ह्याच तत्त्वावर चालतो.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बीचम ह्याने विजेवरच्या गिटारीचा पहिला यशस्वी नमुना सिद्ध केला. १९३२ मध्ये ती गिटार बाजारात आली आणि १९३७ मध्ये तिला पेटंट मिळाले. तिचे अंग वाटोळे व दांडी लांब असल्यामुळे लोक तिला गमतीने 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून हवाइयन पद्धतीने वाजवावयाची असे. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना व्हॅन शिप्ले ह्यांच्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका आठवत असतील. त्यांतील तारेवरून घसरत जाणारा सूर ह्याच हवाइयन पद्धतीचा.

पिकअपची रचना साधी आहे. लोहचुंबकांभोवती मुलामा दिलेली तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. ही तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी बारीक असते. एका साध्या पिकअपमध्ये आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. ती तार उलगडली तर सुमारे एक किलोमीटर लांब भरेल. वर ताणलेली पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात कंप पावू लागली की वेटोळ्यातील चुंबकत्व त्याच लयीने कमीअधिक होते, आणि तशीच कमीअधिक होणारी वीज तारेत उमटते. तार पोलादाची असणे आवश्यक आहे ते ह्याकरिताच. नायलॉनच्या तारा ह्या पिकअपला मुळीच 'ऐकू' येत नाहीत.

उत्पन्न होणारी ही वीज अत्यल्प, साधारणतः व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. ॲम्प्लिफायर तिला कित्येक पटींनी वाढवितो. अडचण येथेच आहे. वेटोळ्याला बदल कळतो, बदलाचे कारण कळत नाही. तारेने केलेला बदल आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने केलेला बदल, दोन्ही त्यास सारखेच. ॲम्प्लिफायरही पंक्तिभेद करीत नाही. सुराबरोबर गोंगाटालाही तो तितकेच मोठे करतो.

गोंगाटाची चार कुळे

मराठीत ध्वन्यनुकरणवाचक शब्दांचे भांडार मोठे आहे, आणि आमच्या घरच्या कोंकणीतही ते उणे नाही. ह्या शब्दांचा येथे शास्त्रशुद्ध उपयोग करता येईल. गिटारीतील गोंगाटाची आम्ही चार कुळे मानतो.

पहिले कूळ गुणगुणीचे : एकसारखा, खोल, अखंड सूर. दुसरे भणभणीचे : माश्या घोंगावाव्यात तसा तीक्ष्ण आवाज, जो तारांना हात लावताच कमी होतो. तिसरे खरखरीचे : बटण फिरविताना किंवा केबल हलविताना येणारा खरबरीत आवाज. चौथे तडतडीचे : फोडणीत मोहरी तडतडावी तसे सुटे सुटे आवाज, जे गिटारीच्या प्लास्टिकवर हात घासला असता येतात. ह्या चौघींची कारणे वेगळी आणि औषधेही वेगळी. एकीचे औषध दुसरीस दिले तर गुण येत नाही.

गुणगुण

भारतात घरोघरी येणारी वीज दर सेकंदास ५० वेळा आवर्तन पावते. ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटर ह्यांच्या भोवती त्याच गतीने बदलणारे चुंबकीय क्षेत्र असते. पिकअप ते टिपतो आणि ५० आवर्तनांचा खोल सूर ऐकू येऊ लागतो. पाश्चात्त्य स्वरसप्तकातील 'जी' ह्या स्वराच्या तो किंचित वर असतो. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची असल्याने तेथील गिटारी वेगळ्या सुरात गुणगुणतात!

हिची परीक्षा सोपी आहे. गिटार गळ्यात असताना उभ्या जागी सावकाश गोल फिरावे. एका दिशेस तोंड केले असता गुणगुण वाढते आणि दुसऱ्या दिशेस ती जवळजवळ नाहीशी होते, असे आढळले तर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राचा हा परिणाम होय. गिटारीत काही मोडलेले नाही. ॲम्प्लिफायरपासून व ट्रान्सफॉर्मरपासून चार पावले दूर उभे राहावे आणि कमी आवाजाची दिशा धरावी, हाच साधा उपाय.

ह्या दोषावर मुळातूनच तोड काढली ती सेथ लव्हर ह्या अमेरिकन अभियंत्याने. त्याने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९५७ पासून गिब्सन कंपनीच्या गिटारींत त्याचा पिकअप बसू लागला आणि १९५९ मध्ये पेटंट हाती आले. ह्या पिकअपला 'हंबकर' म्हणतात. त्याची युक्ती नववीच्या विद्यार्थ्यास बीजगणिताने समजेल. तारेच्या सुरास 'स' म्हणू आणि गुणगुणीस 'ग' म्हणू. पहिल्या वेटोळ्यात (स + ग) उमटते. दुसऱ्या वेटोळ्यातील लोहचुंबक उलटा ठेवला की तेथे सूर उलटा होतो. परंतु बाहेरून येणाऱ्या गुणगुणीचा त्या चुंबकाशी काही संबंध नसल्याने ती मात्र उलटत नाही. म्हणून तेथे (ग − स) उमटते. आता दोन्ही वेटोळी अशा रीतीने जोडली की दुसरे पहिल्यातून वजा व्हावे :

(स + ग) − (ग − स) = २स

गुणगुण गेली आणि सूर दुप्पट झाला. प्रत्यक्षात दोन वेटोळी तंतोतंत सारखी नसल्यामुळे गुणगुण अगदी शून्य होत नाही, पण पुष्कळच कमी होते. वर्गात फळ्यावर शिकलेली वजाबाकी अशी जगभरच्या रंगमंचांवर रोज उपयोगी पडत आहे.

भणभण

गुणगुणीचे कारण चुंबकीय क्षेत्र, तर भणभणीचे कारण विद्युत क्षेत्र. भिंतीतील वायरी, दिव्याचा प्रकाश कमीजास्त करणारे डिमर, काही एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर ह्यांपासून हे क्षेत्र पसरते. माणसाचे शरीर ते गोळा करते आणि गिटार छातीशी धरलेली असल्यामुळे तिच्या आतील तारांपर्यंत पोचविते. तारांना हात लावताच भणभण कमी होते, ह्याचे मर्म असे : गिटारीच्या तारा आतून एका वायरीने परिपथाच्या अर्थ-बाजूस जोडलेल्या असतात. हाताचा स्पर्श झाला की आपले शरीरही त्या बाजूस जोडले जाते आणि त्याचा उपद्रव थांबतो.

ह्यावरून दोन निष्कर्ष निघतात. तारांना स्पर्श करताच भणभण थांबत असेल, तर अर्थची वायर शाबूत आहे. उणीव आहे ती कवचाची. तारांना स्पर्श करून काही फरक पडत नाही, परंतु केबलच्या पिनेच्या धातूस स्पर्श करताच फरक पडतो, असे असेल तर तारांपासून आत जाणारी वायर तुटली आहे. ती पुन्हा जोडणे हेच औषध.

कवच म्हणजे काय? १८३६ मध्ये फॅरडेने धातूच्या पत्र्याने मढविलेली एक खोली तयार केली. बाहेरून विजेचा कितीही मारा केला तरी आत त्याचा मागमूस नसे. हा प्रयोग घरीही करता येतो. मध्यमलहरींवर केंद्र लागत असेल तेथे छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ चालू करावा आणि त्यास स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात सर्व बाजूंनी गुंडाळावे. आवाज क्षीण होतो किंवा बंदच पडतो. गिटारीच्या पोटातील पोकळीस तांब्याचा पातळ चिकटपत्रा लावून तो अर्थ-बाजूस जोडला की असेच कवच तयार होते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. असा पातळ पत्रा विद्युत क्षेत्र अडवितो, पण ५० आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. म्हणून पत्र्याने भणभण जाईल, गुणगुण जाणार नाही. पुष्कळांची येथे निराशा होते, ती ह्या दोन आवाजांना एकच नाव दिल्यामुळे.

खरखर

खरखर म्हणजे कोठेतरी जोड कच्चा आहे. आवाज कमीअधिक करण्याच्या बटणाखाली कार्बनची एक वाटोळी पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचे एक पाते फिरते. त्यांच्यामध्ये धूळ शिरली की बटण फिरविताना खरखर येते. ह्यावर संपर्क स्वच्छ करण्याचा जो फवारा विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, तो थोडासा आत मारून बटण वीसपंचवीस वेळा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. शिवणयंत्राचे किंवा बिजागरीचे तेल घालू नये. त्यावर धूळ अधिकच बसते.

केबल हलविताना खरखर येत असेल तर प्रथम दुसरी केबल लावून पाहावी. केबल बहुधा पिनेजवळच, जेथे ती वारंवार दुमडते तेथे, आतून तुटते. केबल चांगली असून पिन हलविताच आवाज येत असेल, तर दोष जॅकमध्ये आहे : त्याची चकती सैल झाली असेल, आतील पाते ढिले पडले असेल, किंवा सोल्डरचा सांधा तडकला असेल. चांगला सांधा गुळगुळीत दिसतो. तडा गेलेला सांधा भिंगातून पाहिल्यास ओळखू येतो.

समुद्रकाठच्या प्रदेशास खरखरीचा त्रास विशेष. खारट दमट हवेने धातूच्या संपर्कावर गंज चढतो. पावसाळ्यात गिटार चार महिने पेटीत पडून राहिली की आश्विनात ती खरखरत बाहेर येते. अधूनमधून ती काढून पुसणे, बटणे फिरविणे आणि जॅकमध्ये पिन घालून काढणे एवढ्यानेही हा उपद्रव पुष्कळ टळतो.

तडतड

आता चौथे कूळ. हे सर्वांत चमत्कारिक, कारण येथे मोडलेले, तुटलेले, गंजलेले असे काहीच नसते. तरीही गिटार तडतडते. पिकअप गेला अशी समजूत होते ती बहुधा हिच्यामुळे.

प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला असता ते उडून त्यास चिकटतात, हे सर्वांनी पाहिले आहे. हिवाळ्याच्या रात्री अंधारात टेरिलिनचा सदरा काढताना चटचट आवाज होऊन ठिणग्याही दिसतात. दोन भिन्न पदार्थ एकमेकांवर घासले आणि विलग झाले की एकावरील इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. धातूवर हा विद्युतभार साचून राहत नाही, तो वाट मिळताच वाहून जातो. प्लास्टिक मात्र विजेस वाट देत नाही. म्हणून भार जेथल्या तेथे अडकून पडतो. ह्यास स्थितिक विद्युत म्हणतात.

पुष्कळशा गिटारींत तारांखाली, पिकअपच्या सभोवती, प्लास्टिकची एक मोठी पट्टी बसविलेली असते. तिला पिकगार्ड म्हणतात. वाजविणाऱ्याची बोटे व बाही तिच्यावर सारखी घासत असतात. त्यामुळे तिच्यावर भार साचतो आणि मधूनच बारीक बारीक उड्या मारून निसटतो. प्रत्येक उडीसरशी भोवतालचे विद्युत क्षेत्र एकदम बदलते. पिकअपच्या वेटोळ्याचा रोध हजारो ओहमचा आणि बटणांचा रोध अडीच किंवा पाच लाख ओहमचा असतो. अशा परिपथात अत्यल्प भाराची हालचालही जाणवण्याएवढा धक्का देते. ॲम्प्लिफायर त्या धक्क्यास मोठे करतो. तीच तडतड.

ओळखण्याची रीत अशी. एका हाताच्या तळव्याने सर्व तारा दाबून धराव्यात आणि दुसऱ्या हाताचे बोट पिकगार्डवर हलकेच घासावे. तडतड आली तर निदान जवळजवळ निश्चित. मग पिकगार्डवर तोंडाने 'हा' करून वाफ सोडावी आणि पुन्हा बोट घासावे. क्षणभर तडतड कमी झाली तर शंका उरत नाही. वाफेच्या ओलाव्याने भार वाहून जातो म्हणून असे घडते. ह्याच कारणाने भर पावसाळ्यात ही तडतड फारशी ऐकू येत नाही. ती येते कोरड्या हवेत : बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील थंडीच्या दिवसांत, आणि गोव्यातही वातानुकूलित सभागृहात. घरी मुकाट असलेली गिटार सभागृहात का तडतडते, ह्याचे उत्तर पुष्कळदा असे हवेतच असते.

आता उपाय सांगतो. सोप्यापासून अवघडाकडे जावे.

पहिला उपाय फडक्याचा. सुती फडके किंचित ओले करून, घट्ट पिळून, पिकगार्ड पुसावा. पाण्यात कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा एखादा थेंब टाकल्यास परिणाम अधिक टिकतो, कारण त्याचा सूक्ष्म थर भारास वाहून जावयास वाट देतो. पाणी पिकअपमध्ये वा बटणांत शिरू देऊ नये. गिटार नवी असेल तर पिकगार्डवर पारदर्शक संरक्षक पापुद्रा राहिला आहे काय, हेही पाहावे. असल्यास तो काढावा. काढताना भार उत्पन्न होऊन काही काळ तडतड वाढते, त्याने घाबरू नये.

दुसरा उपाय वस्त्राचा. वाजविताना नायलॉनची किंवा टेरिलिनची बाही प्लास्टिकवर घासू देऊ नये. सुती सदरा घालावा.

तिसरा आणि कायमचा उपाय पत्र्याचा. पिकगार्डच्या मागील बाजूस ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पातळ चिकटपत्रा लावून तो अर्थ-बाजूस जोडावयाचा. असे केल्यावरही प्लास्टिकवर भार साचतोच. पण त्याच्या क्षेत्राचा शेवट पत्र्यावर होतो आणि प्रत्येक धक्का वेटोळ्यापर्यंत न पोचता पत्र्यावरून परस्पर अर्थकडे निघून जातो. काम करताना पुढील क्रम ठेवावा.

१. केबल काढावी. तारा सैल करून उतरवाव्यात.

२. पिकगार्डचे स्क्रू एका वाटीत जपून ठेवावेत. उघडताच आतील वायरींचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे; पुढे तेच उपयोगी पडते.

३. पत्रा मापाने कापून मागील बाजूस सुरकुती न पडू देता चिकटवावा. पिकअपच्या आणि बटणांच्या जागा मोकळ्या ठेवाव्यात.

४. बटणे पिकगार्डवरच आवळलेली असतील तर त्यांचे धातूचे कवच पत्र्यास टेकते, आणि ते कवच अर्थ-बाजूस जोडलेले असल्याने पत्राही आपोआप जोडला जातो. ॲल्युमिनियमवर साधे सोल्डर धरत नाही, हे ध्यानात ठेवावे. तेथे असा दाबाचाच जोड हवा.

५. मल्टिमीटरची एक कांडी पत्र्यास आणि दुसरी जॅकच्या बाहेरच्या भागास लावावी. रोध शून्याच्या जवळ यावयास हवा.

६. जॅकचे आतील पाते किंवा सूर वाहून नेणारी कोणतीही उघडी वायर पत्र्यास टेकू देऊ नये. टेकल्यास गिटार मुकी होते. शंका वाटेल तेथे विद्युतरोधक टेप लावावी.

एवढे केल्यावर भणभणही काही अंशी कमी झालेली आढळेल. एका कष्टात दोन कामे होतात.

खरोखरच पिकअप गेला असेल तर?

क्वचित तसेही घडते. केसासारखी तार गंजून किंवा ओढ लागून तुटते. मग त्या पिकअपचा आवाज एकाएकी क्षीण व पातळ होतो, येतो-जातो, किंवा सर्वथा बंद पडतो. ह्याची परीक्षा गिटार न उघडता होते. केबलचे एक टोक गिटारीस लावावे, आवाजाचे बटण पूर्ण उघडावे आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनेचे अग्र व तिचा मागचा भाग ह्यांमधील रोध मोजावा. साध्या पिकअपचा रोध सुमारे सहा हजार ओहम, हंबकरचा आठ हजारांच्या आसपास भरतो. स्विच फिरवून एकेक पिकअप वेगळा तपासावा. एखाद्याचा आकडा लाखांच्या घरात गेला, शून्यावर आला किंवा सारखा हेलकावू लागला, तरच संशय घ्यावा; आणि तेव्हाही आधी सांधे तपासावेत. आकडा योग्य आणि स्थिर असेल तर तार शाबूत आहे. नव्या पिकअपचा खर्च करण्याचे कारण नाही.

हे कदापि करू नये

आतापर्यंतचा विषय कानाला होणाऱ्या त्रासाचा होता. आता सांगावयाचे ते जिवाशी संबंध असलेले आहे. गिटारीच्या तारा अर्थ-बाजूस जोडलेल्या असतात हे वर आलेच. ती बाजू केबलमधून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत आणि तेथून तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिनेतून जमिनीपर्यंत जाते. ही वाट अखंड असेल तोवर वाजविणारा सुरक्षित असतो.

गुणगुण कमी करण्यासाठी काही लोक ही जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचा प्लग लावतात. कधीकधी त्याने गुणगुण थांबते, हे खरे. परंतु त्याच वेळी रक्षणाची वाटही तुटते. पुढे ॲम्प्लिफायरमध्ये दोष उत्पन्न झाला तर गिटारीच्या तारांत २३० व्होल्टचा दाब उतरू शकतो. स्टोन द क्रोज ह्या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे हा १९७२ च्या मे महिन्यात स्वॉन्सी येथे भर कार्यक्रमात मृत्यू पावला. हाती गिटार असताना त्याने मायक्रोफोनला स्पर्श केला, आणि तेथील अर्थिंग सदोष होते. त्याचे वय तिशीच्या आतले होते.

म्हणून मुलांनो, अर्थची पिन कधीही काढू नका. दोन उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणच्या सॉकेटांत लावल्याने गुणगुण येत असेल तर दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. रंगमंचावरील वीजपुरवठ्यास गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसविलेला आहे ना, हे वडील माणसांकडून तपासून घ्या. ओल्या पायांनी वा ओल्या हातांनी वाजवू नका. ॲम्प्लिफायरची पेटी स्वतः उघडू नका. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्टचा दाब साठून राहिलेला असतो. गिटारीचे पोट उघडावयास हरकत नाही. साध्या पिकअपच्या गिटारीत भीतीचे काही नसते. पण त्यापूर्वी केबल काढलेली असावी. सोल्डर करावयाचे झाल्यास जाणत्या माणसाच्या देखत, खिडकी उघडी ठेवून करावे.

निदानाचा क्रम

शेवटी सर्वांचे सार पाच प्रश्नांत सांगतो. वहीत उतरून घ्यावे.

१. गिटार काढून घेतल्यावरही ॲम्प्लिफायर बोलतो काय? बोलत असेल तर दोष गिटारीत नाही.

२. दुसऱ्या केबलने आवाज थांबतो काय? थांबत असेल तर केबल दोषी.

३. गोल फिरल्याने आवाज बदलतो काय? बदलत असेल तर गुणगुण, जागा बदलावी.

४. तारांना हात लावल्याने थांबतो काय? थांबत असेल तर भणभण, कवच लावावे.

५. बटण किंवा जॅक हलविल्याने येतो की प्लास्टिक घासल्याने येतो? पहिली खरखर, दुसरी तडतड.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, जागा आणि ॲम्प्लिफायर एकदम बदलून आवाज थांबला तर तो कशाने थांबला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. प्रत्येक परीक्षेचा निकाल लिहून ठेवावा. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण हेच करतो. आणि व्याकरणात वाक्य पृथक्करण करतानाही एकेक पद वेगळे काढूनच कर्ता कोण ते ठरवितो.

पुढील स्नेहसंमेलनास अद्याप अवकाश आहे. तोवर आपापल्या गिटारी पेट्यांतून बाहेर काढाव्यात, त्यांचे आवाज नीट ऐकावेत आणि त्यांना योग्य नावे द्यावीत. पडदा वर जाईल तेव्हा कोणी वाजवू लागेपर्यंत गिटार गप्प बसलेली असावी, एवढीच आमची इच्छा.